घंगाळाची तोफ

गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवर काळी पिसं येऊन पडायला लागली की समजायचं, बावड्याकडच्या शेतांत पाचट पेटलं. मी त्यांना पिसंच म्हणते. ऊस तुटून गेला की मागं राहिलेला पाला शेतातच पेटवून देतात. त्याची राख इतकी हलकी असते की वाऱ्यावर बसून थेट आमच्या गल्लीपर्यंत येते. ती झटकायची नसते. झटकली की फुटते आणि कापडावर काजळाची रेघ ओढून जाते. हलकेच फुंकर मारायची. कोल्हापुरात संसार केलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

परवा सकाळी या हंगामातलं पहिलं पीस आलं, उशीच्या अभ्र्यावर. फुंकर मारायची सोडून मी त्याच्याकडं बघत उभी राहिले. खाली हे पेपर वाचत होते. ‘पाचट पेटलं वाटतं’ एवढं बोलायला काही हरकत नव्हती. पण आमच्या घरात ते वाक्य कुणी बोलत नाही. त्यांनाही अंगणात दिसलेलं असतंच, मलाही गच्चीवर दिसलेलं असतं, आणि चहा घेताना आम्ही पाण्याच्या टाकीबद्दल बोलतो.

इतरांना हा हंगाम गोड वाटतो. पुतण्या पुण्याहून फोन करतात, ‘काकू, गुऱ्हाळं सुरू झाली का? काकवी पाठवा की.’ मी पाठवते. बाटलीला घट्ट बूच लावते, वरून प्लॅस्टिक बांधते, आणि तेवढ्यात नव्वदचं दशक सरत आलेलं असतानाचा एक हिवाळा मनात येऊन उभा राहतो. धुरकट, गुळाच्या वासाचा, आणि अगदी सुरुवातीपासून काहीतरी वाईट होणार आहे असं सांगणारा. मागं वळून बघितलं की सगळ्याच गोष्टी खुणा वाटायला लागतात, हे मलाही कळतं. पण त्या वर्षी मी पुढून बघतानाच भ्यायले होते. कशाला भ्यायले होते, तेवढं मात्र सांगता आलं नसतं.

आमच्या घरामागं पत्र्याची एक खोली आहे. हे उद्यमनगरात टर्नर होते. दिवसभर दुसऱ्याच्या लेथवर पंपाचे, इंजिनांचे भाग कातायचे आणि संध्याकाळी चहा झाला की मागच्या खोलीत स्वतःच्या लेथवर स्वतःच्या मनातलं काहीतरी कातत बसायचं. तो लेथ जुना, कुठल्याशा बंद पडलेल्या शेडमधून आणलेला. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. इकडं स्वयंपाकघरात वह्या तपासत बसले की तिकडची घरघर ऐकू यायची. आवाजावरून मला कळायचं आत काय लागलंय ते. लोखंड कुरकुरतं, पितळ गातं. पितळेच्या दिवशी यांचा चेहराही वेगळा असायचा. जेवायला बसले की केसांतून, कॉलरमधून सोनेरी कीस ताटाशेजारी गळायचा आणि मी ओरडायची.

पहिली तोफ त्यांनी वीतभर केली होती. पन्हाळ्याला गेलो असताना तिथल्या तटावरच्या एका जुन्या तोफेजवळ हे इतका वेळ उभे राहिले की मी पुढं जाऊन कणीस खाऊन परत आले, तरी तिथंच. घरी आल्यावर कागदावर काहीबाही काढलं आणि दोनेक महिन्यांनी शोकेसमध्ये, स्टीलच्या ग्लासांच्या शेजारी, एक पितळी तोफ येऊन बसली. मागं गोल बोंड, पोटावर तीन कडी, दोन्ही बाजूंना खुंट, आणि खाली शिसवी गाडा. चाकं फिरायची. तोंड आत पेरभरच पोखरलेलं होतं. बत्ती द्यायच्या जागी भोक पाडलेलं नव्हतं, नुसता एक ठिपका दाबला होता. ‘ही बघायची तोफ,’ हे सांगायचे. येणारा-जाणारा ती हातात घेऊन बघायचा. मला आवडायची. फक्त एक करायची मी. पुसून ठेवताना तिचं तोंड भिंतीकडं करून ठेवायची. हे पुन्हा फिरवायचे.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि यांचे मोठे भाऊ, आण्णा, अचानक दारात उभे राहिले.

अचानक म्हणते, कारण कित्येक वर्षांत त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता आणि आम्ही त्यांचा. आण्णा मुरगूडजवळच्या आमच्या गावी शेती बघायचे. माझे सासरे गेले तेव्हा निरोप यायला उशीर झाला. हे कारखान्यातून तसेच, हाताला ग्रीस लागलेल्या कपड्यांनी धावत गेले, तर ओढ्याकाठी राख धुमसत होती. आण्णांनी अग्नी देऊन टाकला होता. यांनी एकच विचारलं होतं, ‘थांबला न्हाईस?’ आण्णा काही बोलले नाहीत. तिथून पुढं दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं मला नेहमी वाटायचं. भांडण मिटतं तरी. हे नुसतं पडून राहिलं होतं.

आण्णा सोफ्याच्या कडेला बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मुलाचं, संदीपचं, लग्न ठरल्याचं सांगितलं. मुलगी कोडोलीची. तुळशीची लग्नं झाली की लगेच मुहूर्त. हे ‘हं, हं’ करत ऐकत होते. मी पोहे आणून ठेवले. दोघांत बोलायला आणखी काहीच नव्हतं. तेवढ्यात आण्णांची नजर शोकेसकडं गेली.

‘इलास, ही तू केलीस?’ यांचं नाव विलास. आण्णा इलास म्हणतात.

‘व्हय.’

‘वाजती?’

‘न्हाय. ठेवायची हाय.’

आण्णांनी ती तळहातावर घेतली, जोखली, चाक फिरवलं. मग म्हणाले, ‘मला असली एक पायजे. मोठी. हातभर. आन् वाजणारी. वरात दारात आली की माज्या भावानं केलेली तोफ वाजाय पायजे.’

मी यांच्याकडं बघितलं. ‘माज्या भावानं’ हे दोन शब्द ऐकले आणि त्यांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. हा माणूस आता नाही म्हणू शकणार नाही, हे मला तिथंच कळलं. आणि मला धास्ती वाटली. आनंद व्हायला हवा होता.

पुढच्या आठवड्यात आण्णा पुन्हा आले. मुरगूडच्या एसटीतून उतरताना त्यांच्या खांद्यावर पोतं होतं. पोत्यात सासूबाईंचं घंगाळ. माझ्या जाऊबाई, आक्का, लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यात अंघोळीचं पाणी काढलेलं, आणि सासूबाई गेल्यावर माळ्यावर पडलेलं. ‘नवं पितळ कशाला,’ आण्णा म्हणाले. ‘आईचं हाय. पोराच्या लग्नात आईबी असंल.’

रविवारी दुपारी परसात भट्टी पेटवली. जमिनीत खड्डा, त्यात कोक, बाजूनं पंख्याचा वारा. आण्णांनीच घंगाळावर घण घातले. पहिल्या घावाला ते घंटेसारखं वाजलं, दुसऱ्याला चिरकलं, मग नुसतेच ठोके. काठाचा एक तुकडा यांनी उचलून बाजूला ठेवला. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं.

‘ह्यो राहूंदे, आण्णा.’

‘नगं. नावबी आत जाऊंदे.’

यांनी थोडा वेळ तो तुकडा धरून ठेवला आणि मुशीत सोडला.

पितळ वितळलं की त्यातून पांढरा धूर निघतो आणि त्याचीसुद्धा पिसं होतात, पांढरी, कापसासारखी. त्या दिवशी वरून उसाची काळी पिसं येत होती आणि खालून ही पांढरी वर चालली होती. आण्णा तोंडाला पंचा लावून उभे होते. यांनी सांडशीत मूस धरली, वाळूच्या साच्यावर आणली, आणि ओतायला लागले. ती धार मी दारातून बघत होते. लालसुद्धा म्हणता येणार नाही असा काहीतरी रंग. मध्येच धुराचा लोट थेट यांच्या डोळ्यांवर आला. मान वळली. धार तुटली. लगेच पुन्हा सुरू झाली. ते एवढंच. आण्णांच्या लक्षातही आलं नसेल. पण यांच्या पाठीकडं बघून मला कळलं की काहीतरी चुकलं. मूस खाली ठेवल्यावरसुद्धा हे बराच वेळ साच्याकडं तोंड करूनच उभे राहिले.

‘झालं?’ आण्णांनी विचारलं.

‘झालं,’ हे म्हणाले.

त्यानंतर रोज संध्याकाळी लेथ गात होता. हातभर लांब, जड, वाळू चिकटलेला तो ओबडधोबड दांडा हळूहळू तोफ व्हायला लागला. मी कधी नव्हे ते मागच्या खोलीत जाऊन उभी राहायची. ड्रिल आत-आत शिरायचं आणि तोंडातून सोनेरी कीस बाहेर पडत राहायचा. एके दिवशी वह्या तपासताना गाणं मध्येच बदलल्यासारखं झालं. एक पोकळ, बसका आवाज, एखाद्या बोळक्यातून आल्यासारखा, आणि लगेच पुन्हा पूर्वीसारखं. यांनी लेथ बंद केला. पुन्हा चालू केला नाही.

मी गेले तर हे बॅटरी घेऊन तोफेच्या तोंडातून आत बघत होते.

‘काय झालं?’

‘तुझ्या पर्समध्ये खडू हाय?’

शिक्षिकेच्या पर्समध्ये खडू असतातच. यांनी ते कुटले, पाण्यात कालवले आणि तोफेला बाहेरून फासले. सुकल्यावर ती पांढरीफटक दिसायला लागली. मग तिला तोंड वर करून बाकावर उभं केलं आणि आत काठोकाठ रॉकेल ओतलं. आम्ही दोघं समोर बसलो. काही झालं नाही. मी उठून आमटी ढवळून आले. परत आले तेव्हा बुंध्याजवळ, शेवटच्या कड्याच्या वरच्या अंगाला, मोहरीएवढा ओला डाग उमटला होता. बघता-बघता तो वाटाण्याएवढा झाला.

‘घाम फुटलाय तिला,’ हे म्हणाले.

ओतताना हवा अडकली की धातूच्या पोटात पोकळी राहते. त्याला ते ब्लो होल म्हणतात. बाहेरून दिसत नाही, वजनात कळत नाही. आणि ही पोकळी नेमकी तिथं होती जिथं दारू भरायची.

‘म्हणजे वाजवली तर?’

यांनी बोटानं तो ओला डाग पुसला. तो पुन्हा आला.

पुन्हा वितळवून ओतायला वेळ नव्हता. लग्न तोंडावर आलं होतं, साचा नव्यानं करावा लागला असता, यांना सुट्टी नव्हती. सगळी कारणं खरी होती. यांनी बाहेरून पितळेचा डाग देऊन ते छिद्र बुजवलं, कानशीनं घासलं, बफ मारलं. मग मी शोधून बघितलं तर मलाही सापडेना. ‘वरनं बुजलं. आत हायच ते,’ हे म्हणाले. बत्तीचं भोक त्यांनी पाडलं नाही. त्या जागी फक्त ठिपका दाबला. ‘बघायचीच करतो. आण्णाला सांगतो तसं.’

ती दिसायला इतकी देखणी झाली होती की तिच्याकडं बघवत नव्हतं. गाडा सागवानी, चाकांना लोखंडी धाव, आणि अंगावर असा उजेड की खोलीतली प्रत्येक वस्तू तिच्यात वाकडी होऊन दिसायची. माझा चेहराही. लग्नाला न्यायच्या आदल्या दिवशी मी ती जुन्या लुगड्यात गुंडाळली. तान्ह्या मुलाला गुंडाळतात तशी गुंडाळली गेली माझ्याकडून, आणि ते लक्षात आल्यावर मी गाठ सोडून पुन्हा वेगळी बांधली.

लग्न थाटात झालं. संध्याकाळी वरात दारात आली. कोडोलीचे पाव्हणे मांडवात गाद्यांवर बसले होते. आण्णांनी एका टेबलावर तोफ मांडली होती, तिला झेंडूचा हार घातला होता. त्यांनी हात वर करून बँड थांबवला.

‘पावणं, जरा हिकडं बघा. ही तोफ माज्या धाकट्या भावानं घरात केलीया. आमच्या आईच्या घंगाळाची हाय. आता वाजणार हाय.’

माणसं मागं सरकली. बायकांनी कानांवर हात ठेवले. आण्णांनी दारूची पुडी काढली आणि यांच्याकडं दिली.

‘घे. तूच पेटीव.’

हे पुडी हातात घेऊन उभे राहिले. ‘आण्णा, ही वाजवायची न्हाय. ठेवायची हाय.’

‘म्हंजे?’

‘शोची केलीया. बत्तीला भोक न्हाय तिला.’

‘मी वाजणारी सांगितलीती न्हवं?’

‘व्हय. पर शोचीच केली.’

एवढंच. पोकळी, घाम, खडू, त्यातलं काहीच बोलले नाहीत. गादीवरून कुणीतरी म्हणालं, ‘तोंड हाय, पर आवाज न्हाय व्हय?’ आणि हशा पिकला. वाईट हेतूनं कुणी हसलं नसेल, लग्नातला हशा तो. आण्णांनी यांच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. मग बँडवाल्याला खूण केली.

परत येताना स्कूटरवर मी मागं बसले होते. उसाच्या ट्रॉल्या करकरत पुढं चालल्या होत्या, त्यांना ओलांडता येत नव्हतं. मी विचारलं, ‘खरं का नाही सांगितलं?’

‘एवढ्या माणसांत काय सांगू? मला ओतायला जमलं न्हाय म्हणून? आईचं घंगाळ घालवलं म्हणून?’

‘मग बाजूला घेऊन सांगायचं.’

‘सांगतो की. पावणं जाऊंदेत. रविवारी जाऊन येतो.’

तो रविवार ओव्हरटाइममध्ये गेला. पुढच्या रविवारी संदीप आणि सूनबाई देवाला गेल्याचं कळलं. संक्रांतीला यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, स्कूटर बाहेर काढली, पुसली, आणि पुन्हा आत लावली. ‘आज नको. सणाचं,’ म्हणाले. फोनवर सांगा म्हटलं तर, ‘ही फोनवर सांगायची गोष्ट हाय का?’ आमचा तिळगूळ गावी गेला. तिकडून आला नाही.

मी स्वतःची समजूत घालायची. भोकच पाडलेलं नाही, तर वाजणार कशी? धुणं धुताना, फळ्यावर तारीख लिहिताना हे एकच वाक्य घोळायचं. त्या जानेवारीत पाचटाचा धूर रोज होता. संध्याकाळी पश्चिमेकडं आभाळ तांबडं व्हायचं आणि सूर्य मावळल्यावरसुद्धा तसंच राहायचं. मागच्या खोलीतला लेथ बंद होता. त्या शांततेची मला सवय होत नव्हती. लग्नसराईचे दिवस, कुठंतरी फटाका वाजायचा आणि आम्ही दोघंही एकमेकांकडं न बघता थांबायचो.

आज विचार करते, तर त्या भीतीत चमत्कारिक काही नव्हतं. आम्हाला एक गोष्ट माहीत होती आणि ज्याला ती माहीत असायला हवी होती त्या माणसाला ती माहीत नव्हती. दोन माणसांच्या मध्ये असं काही ठेवलं की ते रोज थोडं-थोडं तापत जातं.

गावच्या म्हाईच्या, म्हणजे देवीच्या जत्रेच्या, दिवशी दुपारी शाळेत शिपाई वर्गाच्या दारात आला. ‘बाई, मुरगुडास्नं फोन हाय.’ फोनवर संदीप होता. तो काय बोलला ते मी पूर्ण ऐकलं की नाही आठवत नाही. रिक्षा करून उद्यमनगरात गेले. शेडमध्ये दहा मशिनं चालू होती. यांनी मला दारात बघितलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात लांब करून लेथ बंद केला.

‘किती लागलंय?’ त्यांनी विचारलं.

काय झालं असं विचारलं नाही. कुणाला तेसुद्धा नाही.

मुरगुडातल्या एका वेल्डिंगवाल्याकडून आण्णांनी बत्तीचं भोक पाडून घेतलं होतं. पालखी दारावरून जाताना तोफ वाजवायची ठरवलं होतं, लग्नातला हशा धुऊन काढायला. दारू भरली, स्वतःच वाकून पेटवली. आवाज झाला म्हणे, सगळ्या गावानं ऐकला. पालखी पुढं गेली होती, माणसं लांब होती, म्हणून आण्णांशिवाय कुणाला काही झालं नाही. बुंध्याकडून फुटली ती.

कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा खाटेशेजारी पोलीस जबाब घेत उभा होता. आण्णांचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, चेहऱ्याची एक बाजू मलमानं पिवळी. एका कानानं ऐकू येत नव्हतं म्हणून ते मोठ्यानं बोलत होते.

‘दारू मीच जादा घाटली,’ ते पोलिसाला सांगत होते. ‘तोफ चांगली हुती. माज्या भावानं केलीती. लई चांगला कारागीर हाय त्यो.’

हे दारातच थांबले. भिंतीला हात लावून उभे राहिले. पोलीस गेल्यावर आत गेले आणि आण्णांच्या ऐकू येणाऱ्या बाजूला वाकले.

‘आण्णा, त्यात पोकळी हुती. बुंध्याला. मला म्हायती हुतं. म्हणून भोक पाडलं न्हवतं.’

आण्णा छताकडं बघत राहिले. वरचा पंखा संथ फिरत होता.

‘मग सांगितलं का न्हाईस?’

‘लाज वाटली.’

आण्णांनी मान भिंतीकडं वळवली.  मग आक्का उठल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, ‘या आता तुम्ही. त्यास्नी झोपू द्या.’ आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्यांचे पाय धरले असते.

उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. अंगठा आणि टोकाची दोन राहिली. एक कान कायमचा गेला.

हे रोज संध्याकाळी दवाखान्यात जायचे, बाहेरच्या बाकावर बसायचे आणि परत यायचे. आत कुणी बोलावलं नाही. आण्णा घरी गेल्यावर ते जाणंही थांबलं. घरातली वीतभर तोफ यांनी शोकेसमधून कधी काढली आणि कुठं टाकली मला माहीत नाही. एके दिवशी ग्लासांच्या शेजारी नुसता धुळीचा चौकोन होता. मी तो पुसला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पोलिसांचं पुन्हा काही आलं नाही, कारण आण्णांनी जबाब बदलला नाही. तेच यांना सगळ्यांत जड गेलं. जेवताना मध्येच हात थांबायचा आणि म्हणायचे, ‘शिवी घातली असती तर बरं झालं असतं.’

दसरा झाला. पुन्हा ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागल्या. आणि एका दुपारी फाटक वाजलं. आण्णा होते. डाव्या हातात कापडी पिशवी. घरात न येता ते बाजूनं थेट मागच्या खोलीकडं गेले. हे तिथं बाकावर काही न करता बसलेले होते, अलीकडं असेच बसायचे.

आण्णांनी पिशवीतून उसाचा कोयता काढून बाकावर ठेवला.

‘मूठ हातात ऱ्हात न्हाय,’ ते म्हणाले. ‘वार केला की फिरती. माज्या हाताला बसंल अशी करून दे.’

हे कोयत्याकडं बघत राहिले. मग उठले, हात पुसले. ‘हात बघू.’

आण्णांनी उजवा हात पुढं केला. यांनी तो दोन्ही हातांत घेतला. व्रण पडलेल्या कातडीवरून, उरलेल्या बोटांच्या बुडाशी, जिथं बोटं नव्हती तिथं, अंगठा फिरवत मापं घेतली. मी दाराशी उभी होते. दोघांपैकी कुणीच एकमेकांच्या तोंडाकडं बघत नव्हतं. बाभळीचा एक तुकडा लेथवर चढला. लाकडाचा आवाज वेगळा असतो, कोरडा, खसखशीत. किती महिन्यांनी ती खोली वाजत होती.

आण्णा स्टुलावर बसले होते. लेथ चालू असतानाच, बहुधा स्वतःला नीट ऐकू येत नाही म्हणून, मोठ्यानं म्हणाले, ‘बाबांच्या वक्ताला निरोप मी मुद्दाम उशिरा धाडला न्हवता. निरोप्याला गाडी घावली न्हाय. आन् गावातली म्हातारी माणसं थांबू देईनात.’

यांनी लेथ बंद केला.

‘मग सांगितलं का न्हाईस?’

‘तू त्या दिवशी ज्या तोंडानं विचारलास, ते बघून राग आला. म्हटलं, ह्याला असं वाटतंय तर वाटूंदे.’ आण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ‘लग्नात तोफंपाशी तू उभा राहिलास, तवाबी तुझं तोंड तसंच हुतं. मला वाटलं, बाबांचं धरून बसलायंस अजून. तुला तोफ वाजवायची न्हाय, म्हणून भोक पाडलं न्हाईस.’

हे मुठीवरून पॉलिश पेपर फिरवत राहिले, गरज होती त्यापेक्षा जास्त वेळ. मग ती कोयत्याला ठोकून बसवली. एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूला अंगठ्यासाठी खोलगट, मूठ म्हणून पाहिली तर विचित्रच दिसत होती. त्यांनी कोयता फिरवून आण्णांच्या हातात दिला.

‘धरून बघ. सैल वाटलं तर आत्ताच सांग.’

आण्णांनी मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली. हवेत हळूच एक वार केला. यांची नजर त्या हातावर होती. माझीही. चांगली झाली असं म्हणून आण्णा सहज उठून गेले असते.

‘सैल हाय,’ आण्णा म्हणाले.

यांनी हात पुढं केला, कोयता परत घेतला, आणि मूठ काढायला बसले.